सशाच्या बुडाला पुन्हा पुन्हा चिकटणारी मऊ लेंडी: पेलेट बंद करायचे की मोजायचे?

दर दहा-बारा दिवसांनी आमच्या घरात तोच प्रकार व्हायचा. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की आधी वास यायचा. भुरीला, आमच्या सशीला, उचलून पाहिलं की शेपटीखालच्या केसांना काळपट, चिकट, ओला गोळा घट्ट धरून बसलेला असायचा आणि चटईवर त्याचेच पायांनी पसरलेले डाग. मग कोमट पाण्यात कापूस बुडवून अर्धा-पाऊण तास साफसफाई. ती मागच्या पायांनी ओरबाडायची आणि आम्ही दोघी दमून जायचो. पुढचा आठवडा बरा जायचा, की परत तेच. असे सात महिने गेले.

या सात महिन्यांत मी जवळजवळ सगळ्या चुका केल्या आणि त्यातली एक भुरीच्या जिवावर बेतली होती. ज्यांच्या सशाला हाच त्रास वारंवार होतो, त्यांनी निदान ती एक चूक करू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे ओळखा: जुलाब की मऊ लेंडी

पहिले दोन महिने मी याला जुलाब समजत होते. पण ते जुलाब नव्हते. खऱ्या जुलाबात पाण्यासारखी पातळ विष्ठा होते, नेहमीच्या गोल, कोरड्या लेंड्या दिसेनाशा होतात आणि ससा मलूल होऊन एका जागी बसतो. असं दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा. लहान पिल्लांच्या बाबतीत तर तासाभराचा उशीरही महाग पडतो.

भुरीचं तसं नव्हतं. ट्रेमध्ये गोल लेंड्या रोज पडत होत्या, ती उड्या मारत होती, खात होती. बुडाला चिकटलेला गोळा नीट पाहिला तर त्यात लहान लहान चकचकीत मणी द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले दिसत. वास उग्र, आंबूस. याला सीकोट्रोप म्हणतात. हा सशाचा मल वाटला तरी खरं तर तो त्याच्या जेवणाचा दुसरा घास आहे.

ससा जे खातो त्याचे आतड्यात दोन भाग पडतात. गवताचे लांब, न पचणारे तंतू सरळ पुढे सरकतात आणि गोल, कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण मात्र मागे ढकलले जातात आणि सीकम नावाच्या मोठ्या पिशवीसारख्या आंधळ्या आतड्यात साठतात. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात. हा माल मऊ मण्यांच्या रूपात बाहेर येतो, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, आणि ससा तोंड खाली नेऊन तो थेट गुदद्वारापासूनच खातो. ट्रेमध्ये तो आपल्याला कधी दिसायलाच नको. दिसतो आहे म्हणजे सशाला तो खाता येत नाहीये, खायची गरज वाटत नाहीये, किंवा मणी मुळातच इतके पातळ होताहेत की उचलता येत नाहीत. भुरीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकदमच घडत होत्या.

काय काय करून पाहिलं आणि का उपयोग झाला नाही

सुरुवातीला अंघोळ घातली. पुन्हा कधीही घालणार नाही. पूर्ण भिजलेला ससा घाबरून गारठतो, त्या धक्क्याने ससे दगावतातही. बूड साफ करायचं तर तेवढाच भाग ओला करायचा आणि लगेच पुसून कोरडा करायचा. मग पालेभाजी बंद केली, कारण पाल्यात पाणी असतं म्हणून लेंडी मऊ होत असेल असं सगळे सांगत होते. फरक शून्य. मग चमचाभर दही दिलं. सशाला दूध-दह्याची गरज नसते आणि ते पचतही नाही. त्या आठवड्यात त्रास वाढलाच.

पेलेटची, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या दाबलेल्या गोळ्यांची, कंपनी दोनदा बदलली. पिशवीवरचं चित्र बदललं, आतला हिशोब तोच राहिला.

मग कुठेतरी वाचलं की पेलेट हेच सगळ्या आजारांचं मूळ. त्या तिरमिरीत एका रविवारी सकाळी भुरीची वाटी उचलून ठेवली आणि पिंजऱ्यात गवताची पेंढी टाकली. ती गवताला शिवली नाही. मला वाटलं, भूक लागली की खाईल. संध्याकाळपर्यंत ती कोपऱ्यात पाठ गोल करून, डोळे अर्धवट मिटून बसली. दात करकरत होते. ट्रेमध्ये दिवसभरात चार-पाचच लेंड्या, त्याही मोहरीपेक्षा जरा मोठ्या. रात्री साडेनऊला डॉक्टरांकडे पोहोचलो तेव्हा तिच्या पोटाची हालचाल जवळजवळ थांबली होती. सलाईन, वेदनाशामक, आतड्याला चालना देणारं औषध आणि सिरिंजने भरवणं असं तीन दिवस चाललं.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं वाक्य माझ्या मनात कायमचं बसलं: “सशाला उपास घडवायचा नाही, लठ्ठ सशाला तर नाहीच नाही.” सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं आतडं सतत आत येणाऱ्या तंतूंच्या जोरावरच पुढे सरकतं. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आतडं थांबलं की खावंसं वाटत नाही. अंगावर चरबी असेल तर उपाशीपोटी ती भराभर यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून एक नियम तोंडपाठ ठेवा. ससा १०-१२ तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

तर एका फटक्यात पेलेट बंद करणं ही ती जिवावर बेतलेली चूक.

मग मी वाटीचं वजन केलं

भुरी घरी आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, पेलेट किती देता? मी म्हटलं, एक वाटी. कोणती वाटी, किती ग्रॅम? मला सांगता येईना. विकणाऱ्याने “वाटी कधी रिकामी ठेवू नका” एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही ते इमानेइतबारे पाळत होतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवडाभर मोजलं, वाटीत टाकलेलं आणि उरलेलं. भुरी रोज सरासरी ९० ग्रॅम पेलेट खात होती. तिचं वजन होतं २.६ किलो. हाताला बरगड्या लागतच नव्हत्या, हनुवटीखाली आणि पोटाशी मऊ घड्या होत्या. तिच्या चणीच्या सशाचं वजन २ ते २.२ किलो असायला हवं असं डॉक्टर म्हणाले. प्रौढ सशाला पेलेट द्यायचेच असतील तर दर किलो वजनामागे २० ते २५ ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात आणि हे वजन आत्ताचं नव्हे, असायला हवं तेवढं धरायचं. म्हणजे भुरीला जास्तीत जास्त ४०-५० ग्रॅम. आम्ही दुप्पट देत होतो. पोट पेलेटनेच भरत असल्यामुळे ती गवत खातच नव्हती. पेंढी आठवडाभर तशीच पडून असायची आणि मी म्हणायचे, “हिला गवत आवडत नाही.”

इथे कोडं सुटलं. पेलेट म्हणजे दळून, दाबून केलेलं खाद्य. त्यात तंतू असले तरी पीठ झालेले, त्यामुळे आतड्याला पुढे ढकलणारी लांब काडी मिळत नाही. बारीक कण, स्टार्च आणि प्रथिनं मात्र भरपूर जातात. सीकममधल्या जिवाणूंचा तोल बिघडून मणी पातळ होतात. प्रथिनांची गरज वाटीतूनच भागल्यामुळे ते खायची ओढ कमी होते. आणि लठ्ठपणामुळे तोंड शेपटीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मणी तिथेच बसतात, चिकटतात, वाळतात.

पावसाळ्यात यातून आणखी एक भयंकर प्रकार होतो. घाण झालेल्या बुडावर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या जिवंत सशाचं मांस खायला लागतात. जून ते सप्टेंबर मी रोज दोनदा भुरीला उलटं न करता, मांडीवर घेऊन शेपटीखाली पाहते. अळी दिसली तर घरगुती उपाय नकोत, सरळ दवाखाना.

पेलेट कुणासाठी बनले, हे कळलं की बरंच कळतं

दुकानातले बरेचसे पेलेट मुळात पाळीव सशासाठी आखलेले नसतात. आपल्याकडे ससेपालन हा मांस आणि लोकरीसाठीचा धंदा आहे. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या, सशांवरही काम होतं. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला या जाती त्यातूनच अनेकांना माहीत झाल्या. त्या धंद्यात पिल्लू दोन-तीन महिन्यांत वजनाला यावं लागतं. त्याच्या खाद्यात प्रथिनं आणि ऊर्जा जास्त असणं हा त्या खाद्याचा गुण आहे. तेच खाद्य पशुखाद्याच्या दुकानातून सुटं, पिशवीवर काहीच न लिहिता, आपल्या घरात येतं आणि आठ-दहा वर्षं जगू शकणाऱ्या, दिवसभर गॅलरीत बसणाऱ्या सशाच्या वाटीत पडतं. शेतकऱ्याची यात काही चूक नाही. खाद्य त्याच्या कामाचं आहे, आपल्या कामाचं नाही.

म्हणून आता मी सुटे पेलेट घेत नाही. पिशवीवर घटक छापलेले हवेत. प्रौढ सशासाठी मी तंतू किमान १८ टक्के पाहते, २० च्या वर असतील तर आणखी चांगलं. प्रथिनं १२ ते १५ टक्के, स्निग्ध ३ टक्क्यांच्या आत, कॅल्शियम १ टक्क्याच्या आत. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं असावं, मक्याचं किंवा गव्हाचं नव्हे. रंगीत गोळ्या, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, सुकी फळं मिसळलेलं खाद्य तर दारातच नको.

या मिश्र खाद्याबद्दल माझं मत कडक आहे आणि त्याला आधार आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात डच जातीच्या ३२ सशांना १७ महिने चार वेगवेगळ्या आहारांवर ठेवून पाहिलं. काहींना नुसतं गवत, काहींना गवत आणि एकसारख्या गोळ्या, काहींना गवत आणि दाण्यांचं मिश्रण, काहींना नुसतं मिश्रण. मिश्रण मिळालेले ससे आवडीचे दाणे वेचून खात आणि बाकीचं सोडत. त्यांचं गवत खाणं घटलं, पाणी पिणंही घटलं आणि मऊ मणी न खाता टाकून देण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. गवत आणि मोजक्या गोळ्या खाणाऱ्यांचे असे हाल झाले नाहीत. मला यातून पेलेटच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं: गोळीने तितकं नुकसान होत नाही, गवताची जागा दुसऱ्या कशाने घेतली की होतं.

आम्ही बदल कसा केला

पहिल्या आठवड्यात वाटी अजिबात कमी केली नाही. आधी गवत बदललं. हे उलटं वाटेल, पण ससा गवत खायला लागल्याशिवाय वाटी कमी केली तर माझ्या त्या रविवारचीच पुनरावृत्ती होते.

आम्ही जे देत होतो तो भाताचा पेंढा होता. अंथरायला उत्तम, पण खायला जवळजवळ निःसत्त्व आणि टणक. भुरी शिवत नव्हती यात तिचा दोष नव्हता. परदेशातून येणारं टिमोथी गवत चांगलं असतं, पण महाग, आणि कधी मिळतं कधी नाही. वाळवलेला ओटचा चारा मिळाला तर तो सशांना फार आवडतो, भुरीची सुरुवात त्यानेच झाली. गोठेवाल्यांकडून चारा घेणार असाल तर कुट्टी करू देऊ नका, अख्ख्या काड्या मागा. गाईला कुट्टी सोयीची, सशाला लांब काडीच हवी. ती दाढांनी आडवी घासत चावली तरच दात झिजतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलीमीटर. पेलेट दोन चाव्यांत मोडतो, त्याने दाढा घासल्या जात नाहीत.

लसूणघास आपल्याकडे सहज मिळते आणि ससे तिच्यावर तुटून पडतात, पण प्रौढ सशाला ती रोज नको. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. आहारातलं जादा कॅल्शियम ससा आतड्यातच अडवत नाही, ते रक्तात शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. मग लघवी खडूच्या पाण्यासारखी गढूळ होते, मूत्राशयात गाळ साठतो, खडेही होतात. वाढत्या पिल्लाला आणि पाजणाऱ्या मादीला मात्र लसूणघास चांगली.

आणि आपल्या दारातलं गवत म्हणजे हरळी. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो, गणपतीला जिच्या एकवीस जुड्या वाहतो, त्याच दूर्वा. परदेशात याच गवताला बर्म्युडा म्हणतात आणि त्याची सुकी पेंढी सशांसाठी विकतात. सासवडजवळ आमच्या मावशींच्या शेताच्या बांधावर फवारणी नसलेली हरळी मिळते. ती धुऊन, सावलीत पसरून वाळवली की हिरवट रंग आणि वास टिकतो. भुरी तिचा आधी देठ ओढते, मग पान. बागेतली, रस्त्याकडेची हरळी नको, तिथे तणनाशक आणि कुत्र्यांची घाण दोन्हींची भीती. आणि हिरवी कोवळी ज्वारी चुकूनही नको. तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणूनच ती गुरांपासूनही दूर ठेवतात.

गवत ठेवायची जागाही बदलली. आधी ते पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात जमिनीवर होतं, तुडवलं जायचं आणि ओलं व्हायचं. माझ्या मुलीने जुन्या तारेच्या टोपलीची लहानशी गव्हाण केली आणि ती शी-शूच्या ट्रेच्या अगदी वर टांगली. ससे लेंड्या टाकताना बसल्या बसल्या चघळत राहतात. ही एक युक्ती बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाला आली. दिवसाला तिच्या अंगाएवढा गवताचा ढीग संपायला लागला.

मग वाटी. दुसऱ्या आठवड्यात ९० वरून ७० ग्रॅम, तिसऱ्यात ५५, चौथ्यात ४०, पाचव्यापासून ३०. दोन हिश्शांत, सकाळी आणि रात्री, आणि आधी गवत, मग वाटी. रोज सकाळी दोन गोष्टी वहीत लिहायचो: ट्रेमधल्या लेंड्यांचा आकार आणि खाल्लं किती. दर रविवारी वजन. निरोगी ससा दिवसाला २०० ते ३०० गोल लेंड्या टाकतो. तेवढ्या मोजायला नकोत, पण रोजचा ढीग नजरेत बसवून ठेवायचा. चौथ्या आठवड्यात एके दिवशी लेंड्या लहान आणि थोड्या झाल्या, तेव्हा पायरी खाली न उतरता चार दिवस ४० वरच थांबलो. तीन महिन्यांनी वजन २.२५ किलो आलं. लेंड्या पूर्वीपेक्षा मोठ्या, फिकट तपकिरी आणि हातात चुरडल्या तर आत गवताचे तंतू दिसणाऱ्या झाल्या. बूड कोरडं.

हिरवा पाला पाचव्या आठवड्यानंतर आणला, एका वेळी एकच नवा, थोडा, आणि तीन दिवस वाट पाहून. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला तिला मानवले. पालक क्वचित. कोबी-फ्लॉवरने पोटात वायू धरतो, तो मी देत नाही. कांदा, लसूण आणि ॲव्होकॅडो विषारी. गाजर आणि फळं हा खाऊ आहे, बोटाच्या पेराएवढा, आठवड्यातून दोनदा. पाणी नळीऐवजी जड वाडग्यात ठेवलं तर ससे जास्त पितात. सुकं गवत खाणाऱ्याला ते हवंच.

पुन्हा उलटलं तेव्हा

तीन महिने छान गेले आणि गौरी-गणपतीत परत तेच झालं. वाटी ३० ग्रॅमच होती, गवत संपत होतं. दोन दिवस काही कळेना. मग मुलीच्या लक्षात आलं की सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रोज सकाळच्या चहाबरोबर भुरीला अर्धं बिस्किट देतात आणि आलेली पाहुणे मंडळी गाजराचे तुकडे, पोळीचे काठ भरवताहेत. नानांचा जीव आहे तिच्यावर. त्यांना “देऊ नका” म्हणणं मला जड गेलं. त्याऐवजी सांगितलं, “नाना, सकाळची कोथिंबीर तुमच्या हातून द्यायची.” आता चहाच्या वेळी भुरी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहते आणि काड्या कोथिंबिरीच्या मिळतात. बिस्किट, पोळी, भात, चणे, फुटाणे, यातला स्टार्च सीकममध्ये तेच करतो जे जादा पेलेट करतात.

आणखी एक. गणपतीसमोरच्या दूर्वा निर्माल्यात जाण्याऐवजी सशाला घालाव्यात असं वाटणं साहजिक आहे. त्यांच्यावर हळद-कुंकू, गुलाल, अत्तर असतं आणि बाजारातल्या जुड्यांवर कशाची फवारणी झाली ते माहीत नसतं. नको.

खाणं सगळं नीट असूनही मऊ लेंडी चिकटतच राहिली, तर वाटीवर खापर फोडणं थांबवून तपासणी करून घ्या. दाढांना टोक आलं असेल तर ससा गवत सोडून फक्त मऊ खातो. लाळ गळते, हनुवटी ओली राहते. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखत असतील तर त्याला वाकता येत नाही. लांब केसांच्या सशाचे शेपटीखालचे केस कातरावे लागतात. आणि उन्हाळ्यात, पारा ३० च्या वर गेला की ससे खाणं कमी करतात. तेव्हा गारवा हाच उपाय. आम्ही बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवतो.

औषधाबाबत एक सांगितलंच पाहिजे. माणसांची किंवा कुत्र्या-मांजरांची उरलेली गोळी सशाला कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिन गटातलं प्रतिजैविक तोंडावाटे गेलं तर सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. सशांवर उपचार करण्याची सवय असलेला डॉक्टर आधीच शोधून, त्याचा नंबर लिहून ठेवा. रात्री साडेनऊला शोधायला लागणं काय असतं ते मी अनुभवलं आहे.

तर पेलेट आहारात हवेत का

माझं उत्तर: उत्तम, वेगवेगळ्या प्रकारचं गवत आणि रोज चार-पाच तऱ्हेचा पाला मिळत असेल, तर निरोगी प्रौढ ससा पेलेटशिवाय चांगला जगू शकतो. पण शहरातल्या किती घरांत बारा महिने तसं गवत असतं? आमच्याकडे जुलैत येणारी पेंढी मार्चमधल्या पेंढीसारखी नसते. सदनिकेत राहणाऱ्या सशाला ऊन कमी, म्हणजे ड जीवनसत्त्वही कमी. चांगल्या पेलेटमध्ये ती जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली असतात. म्हणून मी ते बंद केले नाहीत. मूठभर पेलेट हे गवतातल्या उणिवा भरून काढायला असतात, पोट भरायला नसतात.

वाढत्या पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत जास्त प्रथिनांचे पेलेट हवेच. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला हवेत. आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या, म्हाताऱ्या सशाला हवेत. तिथे “पेलेट वाईट” असं ऐकून वाटी काढून घेणं हा त्या जिवावर अन्याय आहे. उलट लठ्ठ, मूत्राशयात गाळ साठणाऱ्या किंवा सतत मऊ लेंडी टाकणाऱ्या सशाचे पेलेट डॉक्टरांच्या नजरेखाली अगदी थोड्यावर, कधी शून्यावरही आणावे लागतात. पण हळूहळूच.

साठवणीकडे मात्र आपण फार दुर्लक्ष करतो. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून मी आणायचे आणि ती पाच महिने पुरायची. उघडल्यावर जीवनसत्त्वं कमी होत जातात आणि पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाला ससा फार नाजूक. बुरशी डोळ्यांना दिसेलच असंही नाही. आता एक किलोच आणते, म्हणजे महिनाभरात संपते. पिशवी फोडल्याची तारीख डब्यावर लिहून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून लांब. कुबट वास आला, गोळ्या भुसभुशीत झाल्या किंवा डब्याच्या तळाशी पीठ जमलं तर सगळं टाकून देते. गवताची पेंढी याउलट बंद डब्यात ठेवू नये, तिला वारा लागतो. आम्ही सुती पिशवीत भरून माळ्याच्या आकड्याला टांगतो आणि पावसात दर चार दिवसांनी हात घालून आत गरम किंवा दमट लागतं का ते पाहतो.

भुरी आता पाच वर्षांची आहे, वजन २.१५ किलो. सकाळी १५ ग्रॅम, रात्री १५ ग्रॅम. त्यासाठी चटणीचा एक लहान चमचा ठरवून ठेवला आहे, तीन सपाट चमचे म्हणजे १५ ग्रॅम, दर नव्या पिशवीला काट्यावर पुन्हा ताडून. वहीत शेवटची “बूड ओलं” ही नोंद चौदा महिन्यांपूर्वीची आहे.